बर्फावरील करारपत्रें

खेळाचा इतिहास म्हणजे सामने, विजय आणि चषक यांची जंत्री, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अगदींच खोटी आहे असें नाहीं. परंतु ज्या खेळावर पैसा लागला आहे, त्याच्या इतिहासाचें खरें दप्तर मैदानावर सांपडत नाहीं, तें वकिलाच्या टेबलावर पडलेल्या करारपत्रांत सांपडतें. कोण जिंकलें हें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत येतें. परंतु खेळणारा मुलगा कोणाचा होता, त्यानें सही कोणत्या वयांत केली, ती करतांना त्याच्या पाठीशीं कोण उभें होतें, आणि ज्या गांवच्या मंडळानें त्याला लहानाचा मोठा केला त्याच्या पदरांत काय पडलें, हे प्रश्न करारपत्रें चाळल्यावांचून सुटत नाहींत. युरोपांतील कोवळ्या वयाच्या बर्फ-हॉकीपटूंना उत्तर अमेरिकेंतील धंदेवाईक संघांनीं आपल्याकडे कसें ओढून घेतलें, याचा गेल्या साठ वर्षांचा वृत्तांत आम्ही येथें सांगणार आहों. विषय दूरचा आहे. पण त्याच्या पोटांत दडलेला प्रश्न कोणत्याहि देशांतील आईबापांस व शिक्षकांस परका वाटूं नये. तो प्रश्न असा, कीं एखाद्या मुलाच्या अंगच्या गुणावर मालकी कोणाची ?

आमच्या वाचकांस हॉकी म्हणतांच हिरवळीवरचा आपला खेळ आठवेल, आणि १९२८, १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिकांत ध्यानचंद व त्यांचे सोबती यांनीं मिळविलेलीं सुवर्णपदकें आठवतील. येथें ज्या हॉकीविषयीं बोलावयाचें आहे ती निराळी. ती बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, रबराच्या चपट्या चकतीनें खेळतात. एका वेळीं प्रत्येक पक्षाचे गोलरक्षकासह सहा गडी बर्फावर असतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. आणि चकती बाळगणाऱ्या प्रतिपक्षाच्या गड्यास अंगानें धडक देऊन दूर सारणें हा या खेळांत अपराध नसून कौशल्य समजतात. या धडकेचें पुढें काम पडणार आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

या खेळाचें माहेर कॅनडा. तेथें १९१७ सालीं माँट्रियल शहरीं नॅशनल हॉकी लीग ही संस्था स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तींत अवघे सहा संघ होते, चार संयुक्त संस्थानांतील शहरांचे व दोन कॅनडाचे. परंतु चारी अमेरिकन संघांतहि खेळणारे जवळ जवळ सर्व कॅनेडियनच असत. सहा संघांना पुरून उरतील इतके गडी कॅनडाच्या गोठलेल्या तळ्यांवर तयार होत होते. तेव्हां समुद्रापलीकडे पाहण्याची गरजच कोणाला नव्हती.

मात्र घरच्या मुलांशीं या संघांचा व्यवहार कसा होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. संघांचे हस्तक खेडोपाडीं हिंडत, होतकरू पोरें हेरीत, आणि त्यांच्यापुढें एक छापील कागद ठेवीत. या कागदास ‘सी’ नमुना म्हणत. त्यावर सही झाली कीं मुलाच्या धंदेवाईक खेळाचे हक्क त्या एका संघाच्या स्वाधीन होत. मुलगा अल्पवयीन असल्यास सही बाप करी. ओंटारिओ प्रांतांतील पॅरी साउंड या लहानशा गांवचा बॉबी ऑर पुढें या खेळांतील सर्वश्रेष्ठ पुरुषांत गणला गेला. तो १९६२ सालीं बोस्टनच्या संघाशीं बांधला गेला तेव्हां चौदा वर्षांचा होता. ज्या वयांत आपल्याकडील मुलगा इंग्रजी शाळेंत बीजगणिताशीं झगडत असतो, त्या वयांत त्याच्या पुढील आयुष्याची दिशा एका कागदानें ठरून गेली. युरोपांतील मुलें अमेरिकेनें पळविलीं असा आरोप पुढें पुष्कळदां झाला. पण हा कित्ता आधीं घरच्याच मुलांवर गिरविला गेला होता, हें विसरतां कामा नये.

१९६३ सालीं लीगनें या पद्धतीला बगल देऊन ‘ड्राफ्ट’ नांवाची निवड-पद्धति सुरू केली, आणि १९६९ पर्यंत जुनी पद्धति पुरती मोडीत निघाली. नव्या पद्धतीचें तत्त्व असें. वर्षांतून एकदां सर्व संघांचे चालक तरुण खेळाडूंपैकीं एकेकाचें नांव आळीपाळीनें पुकारतात. साधारणतः जो संघ मागल्या वर्षीं तळाशीं राहिला असेल त्याची पाळी आधीं येते. म्हणजे वर्गांत शेवटच्या आलेल्या विद्यार्थ्यास पहिलें बक्षीस. त्यामुळें श्रीमंत संघानें सर्व मोहरे गोळा करण्याचा धोका टळतो, आणि तेवढ्यापुरती ही युक्ति न्याय्य आहे. पण तिची दुसरी बाजूहि पाहावी. ज्या संघानें नांव पुकारलें त्याच्याखेरीज लीगमधील दुसऱ्या कोणाशीं त्या मुलास बोलणेंहि करतां येत नाहीं. नोकरी कोठें पत्करावी हें मुलगा ठरवीत नाहीं. त्याला नोकरी कोणी देऊं करावी हें धनी आपसांत ठरवितात. कॅनडांतील मुलांस या गोष्टीची संवय होती. युरोपांतील मुलास मात्र, आपण कधीं न पाहिलेल्या शहराच्या संघानें आपणांस न विचारतां आपलें नांव पुकारलें आहे, ही बातमी प्रथम चमत्कारिकच वाटली असेल.

असें पहिलें नांव १९६९ सालींच पुकारलें गेलें. फिनलंडचा टॉमी साल्मेलाइनेन यास सेंट लुईच्या संघानें सहासष्टाव्या क्रमांकावर निवडलें. तो लीगचा एकहि सामना खेळला नाहीं. त्याचा मुलगा मात्र पुढें खेळला. त्याच्या आधीं, १९६५ च्या जानेवारींत, उल्फ स्टर्नर नांवाचा स्वीडिश तरुण न्यूयॉर्कच्या संघाकडून बर्फावर उतरला होता. युरोपांत तयार होऊन या लीगमध्यें खेळणारा पहिला गडी तोच. तो चारच सामने खेळला आणि परत गेला. त्याच्या अंगीं कौशल्य कमी नव्हतें. पण युरोपांतील आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रतिपक्षाच्या हद्दींत धडक देण्यास १९६९ पर्यंत मनाई होती, आणि अमेरिकेंत तर तींच धडक खेळाचा आत्मा. युरोपीय मुलगा नाजूक असतो, तो आमच्या कामाचा नाहीं, हा निष्कर्ष अमेरिकन चालकांनीं चार सामन्यांवरून काढला व पुढें आठ वर्षें जपून ठेविला. एका उदाहरणावरून जातीचा स्वभाव ठरविण्याची ही खोड केवळ हॉकीच्या चालकांसच आहे असें नाहीं.

हा ग्रह दोन गोष्टींनीं ढासळला. पहिली गोष्ट गरज. १९६७ सालीं सहाचे बारा संघ झाले, आणि १९७२ सालीं जागतिक हॉकी संघटना या नांवाची एक प्रतिस्पर्धी लीगच उभी राहिली. तिनें बॉबी हल या नामांकित गड्यास दहा लाख डॉलर नुसत्या सहीबद्दल देऊन विनिपेगला नेलें. गिऱ्हाइकें दुप्पट-तिप्पट झालीं आणि माल तितकाच राहिला, म्हणजे व्यापारी दूरच्या बाजाराकडे वळतो. दुसरी गोष्ट अनुभव. १९७२ च्या सप्टेंबरांत कॅनडाचे निवडक धंदेवाईक आणि सोव्हिएट रशियाचे गडी यांच्यांत आठ सामने झाले. कॅनडा सहज जिंकणार अशी सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षांत कॅनडानें चार जिंकले, तीन गमावले, एक बरोबरींत सुटला; आणि शेवटचा सामना मॉस्कोंत अवघे चौतीस सेकंद उरले असतांना पॉल हेंडरसनच्या गोलनें हातीं लागला. त्या चौतीस सेकंदांनीं कॅनडाचा मान राखला, पण युरोपाला खेळतां येत नाहीं हें मत मात्र कायमचें गेलें.

त्याच हिवाळ्यांत टोरांटो संघाचा जेरी मॅक्नमारा नांवाचा निरीक्षक एका गोलरक्षकास पाहण्याकरितां स्वीडनला गेला, आणि ज्याला पाहावयास गेला त्याच्याऐवजीं दुसऱ्याच दोघांना हेरून आला. त्यांतील एक बोरिए साल्मिंग. उत्तरध्रुववृत्ताच्याहि पलीकडील कीरुना या लोखंडाच्या खाणींच्या गांवांत १९५१ सालीं त्याचा जन्म झाला. बाप सामी जमातीचा. तो खाणींतील अपघातांत गेला तेव्हां मुलगा पांच वर्षांचा होता. ब्रिनेस नांवाच्या मंडळांत तो खेळला, आणि १९७३ सालीं इंगे हामारस्ट्रोम या सोबत्यासह टोरांटोस आला. तेथें त्यांचें स्वागत कसें झालें ? ‘भित्रे स्वीडिश’ ही शिवी प्रत्येक बर्फावर त्यांची वाट पाहत होती. फिलाडेल्फियाचा संघ त्या काळीं दांडगाईबद्दल प्रसिद्ध होता. त्यानें पहिल्याच हंगामांत या परक्यांची कसून परीक्षा घेतली. इतकेंच नव्हे, तर खिशांत सहा अंडीं ठेवून हामारस्ट्रोम गर्दींत शिरला तर एकहि फुटणार नाहीं, असा टोमणा खुद्द त्यांच्या संघाच्या मालकानें मारला. घरच्या धन्यानेंच असें म्हटल्यावर बाहेरच्यांनीं काय करावें !

साल्मिंगनें या सर्वांस शब्दानें उत्तर दिलें नाहीं. तो त्या लीगमध्यें सतरा हंगाम आणि १,१४८ सामने खेळला. १९८६ सालीं एका गड्याच्या पात्यानें त्याचा चेहरा फाटला. दोनशेंहून अधिक टांके घालावे लागले. तरी तो परत बर्फावर उतरला. १९७६ सालीं कॅनडा-चषकाच्या स्पर्धेंत तो स्वीडनच्या पोषाखांत टोरांटोस खेळावयास आला, तेव्हां प्रतिपक्षाचा असूनहि प्रेक्षकांनीं उभें राहून त्याचा जयजयकार केला. २०२२ सालीं दुर्धर व्याधीनें त्याची वाचा हरपली असतां त्याच शहरानें त्याला अखेरचा निरोप दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ नोव्हेंबर रोजीं, तो वारला. पुढें आलेल्या प्रत्येक स्वीडिश मुलाच्या करारपत्रांतील आंकड्यामागें या एका माणसानें खाल्लेला मार जमा धरला पाहिजे.

विनिपेगनें १९७४ सालीं आंडेर्स हेडबर्ग व उल्फ निल्सन या स्वीडिश तरुणांस आणून बॉबी हलच्या जोडीस उभें केलें, आणि त्या संघानें आपल्या लीगचा चषक तीनदां जिंकला. या संघाचा गुण असा, कीं त्यानें युरोपीयांना कॅनेडियन होण्यास सांगितलें नाहीं. उलट त्यांची झपाट्यानें जागा बदलीत चकती फिरविण्याची रीत आपण उचलली. पुढील दशकांत एडमंटनच्या संघानें जो वेगवान खेळ करून लोकांचे डोळे दिपविले, त्याची बीजें विनिपेगच्या या प्रयोगांत होतीं. त्याच एडमंटननें १९८० सालीं फिनलंडच्या यारी कुरी या वीस वर्षांच्या तरुणास एकुणसत्तराव्या क्रमांकावर उचललें. इतर संघांची समजूत होती, कीं त्यानें मायदेशांत आणखी दोन वर्षांचा करार केलेला आहे. ती समजूत खोटी होती, आणि एडमंटनला तें ठाऊक होतें. पुढें कुरीनें ६०१ गोल केले व पांच वेळां स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. एका करारपत्राची नेमकी तारीख ठाऊक असणें हें कधीं कधीं पांच चषकांच्या मोलाचें असतें.

स्वीडन-फिनलंडचा मुलगा येतांना निदान आईचा निरोप घेऊन, उघड्या दरवाजानें बाहेर पडत होता. पोलादी पडद्याआडच्या मुलांस तें भाग्य नव्हतें. तेथें खेळाडू नांवाला हौशी, पण वस्तुतः राज्याचा नोकर. आणि राज्य आपला नोकर विकावयास तयार नव्हतें. १९७४ सालीं व्हाक्लाव नेडोमान्स्की स्वित्झर्लंडांत सुटी घालविण्याच्या निमित्तानें चेकोस्लोव्हाकियाबाहेर पडला तो परतलाच नाहीं. १९८० च्या ऑगस्टांत ब्रातिस्लावाचा संघ इन्सब्रुकला सामन्यांसाठीं आला असतां पेटर व आंतोन श्तास्त्नी हे भाऊ क्वेबेक संघाच्या चालकांच्या मदतीनें व्हिएन्नामार्गें कॅनडास निघून गेले. पेटरची पत्नी त्या वेळीं गरोदर होती. थोरला भाऊ मारियान, बायकामुलें मायदेशीं असल्यामुळें, मागें राहिला. त्याला खेळण्याची बंदी झाली, आणि एक वर्षानें तोहि निसटून भावांस मिळाला. पेटरनें पहिल्याच हंगामांत १०९ गुण मिळविले. पण त्या १०९ गुणांबरोबर मागें राहिलेल्या भावाचें तें एक वर्षहि हिशेबांत धरलें पाहिजे.

रशियांत तर लष्कराचा संघ म्हणजे अक्षरशः लष्कर होतें. व्हिक्टोर तिखोनोव्ह या कडव्या शिक्षकाच्या हाताखालीं गडी वर्षांतील बहुतेक महिने छावणींत कोंडलेले असत. बायकापोरांस भेटण्यासहि परवानगी लागे. अमेरिकन संघ या गड्यांचीं नांवें निवडींत पुकारून ठेवीत, जसा एखादा सावकार बुडीत खात्यांतील कर्ज वहींत लिहून ठेवतो तसें. वसूल झालें तर झालें. १९८८ सालीं इगोर लारिओनोव्ह यानें ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकांत तिखोनोव्हला उद्देशून उघड पत्र लिहिलें, आणि ही कोंडी जगापुढें मांडली. १९८९ च्या वसंतांत सर्गेई प्रियाखिन यास सरकारनें परवानगी देऊन कॅलगरीस पाठविलें. असा परवाना मिळालेला तो पहिला सोव्हिएट गडी. त्याच वर्षीं फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, क्रुतोव्ह व माकारोव्ह हे प्रौढ वीरहि बाहेर पडले. परंतु हे सर्व ऐन उमेदीचीं वर्षें देऊन चुकलेले लोक. राज्यानें ऊस पिळून घेतला आणि मग चिपाड विकलें, असेंच म्हटलें पाहिजे. आणि त्या विक्रींतहि सरकारी दलालीचा वाटा मोठा होता. तीन वर्षांनीं दलालीचा दुसरा हप्ता आपल्या नांवावर जाऊं नये, म्हणून लारिओनोव्ह कॅनडा सोडून एक हंगाम स्वित्झर्लंडांत खेळला, यावरून त्या चिपाडांतहि किती रस होता तें कळतें.

अलेक्सांडर मोगिल्नी हा मात्र वीस वर्षांचा होता. बफेलो शहराच्या संघानें १९८८ सालीं त्याचें नांव एकुणनव्वदाव्या क्रमांकावर पुकारून ठेविलें होतें. १९८९ च्या मे महिन्यांत स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धा आटोपतांच त्यानें बफेलोस निरोप पाठविला. संघाचे दोन अधिकारी विमानानें धांवले व त्यास घेऊन आले. तो सैन्यांत कनिष्ठ अधिकारी असल्यामुळें मायदेशांत त्याच्यावर पळपुटेपणाचा आरोप आला. त्यानें पाठीवर ८९ हा आंकडा घेतला. १९९२-९३ च्या हंगामांत त्यानें ७६ गोल केले, आणि योगायोग असा, कीं त्याच हंगामांत नेमके तितकेच गोल फिनलंडहून नव्यानेंच आलेल्या टेमू सेलान्ने यानेंहि केले. दोघे युरोपीय, दोघे जवळ जवळ समवयस्क. पण एक घरचा निरोप घेऊन आला होता व दुसऱ्यास घरीं परततां येईल कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. धांवफलकावर दोघांचा आंकडा सारखा दिसतो. इतिहासानें दोघांस सारखें लेखूं नये.

१९८९ च्या नोव्हेंबरांत प्राग शहरीं सत्तांतर झालें आणि पुढल्याच उन्हाळ्यांत क्लाद्नो या कोळशाच्या व पोलादाच्या गांवचा अठरा वर्षांचा यारोमिर यागर उजळ माथ्यानें निवडीच्या समारंभास हजर राहिला. देश सोडून न पळतां तेथें बसलेला तो पहिला चेकोस्लोव्हाक. पिट्सबर्गनें त्याला पांचव्या क्रमांकावर घेतलें. १९६८ सालीं रशियन रणगाडे प्रागमध्यें शिरले, त्या वर्षाची आठवण म्हणून त्यानें ६८ हा आंकडा पाठीवर धारण केला. पण अठरा वर्षांचा मुलगा तो अठरा वर्षांचाच. त्याला इंग्रजी येईना, घरच्या आठवणीनें मन लागेना. तेव्हां संघानें डिसेंबरांत यिर्शी हर्दिना नांवाचा त्याचा प्रौढ देशबंधु मुद्दाम आपल्याकडे आणिला. हर्दिना चांगला खेळे हें खरें, पण पोराशीं त्याच्या भाषेंत दोन शब्द बोलणारें कोणी असावें हा त्याला आणण्यांतील मोठा हेतु होता. करारपत्रांत पगार, मुदत, बक्षिसें या सर्वांस कलमें असतात. एकटेपणास कलम नसतें. पिट्सबर्गच्या चालकांस तें सुचलें, हें त्यांस भूषणावह आहे.

दरवाजे उघडल्यावर व्यापार शिस्तींत आला. १९८० पासून अठराव्या वर्षींच मुलाचें नांव पुकारतां येऊं लागलें होतें. १९८९ सालीं स्वीडनचा मॅट्स सुंदीन हा पहिल्याच क्रमांकावर निवडला गेलेला पहिला युरोपीय ठरला. २०१८ सालीं त्याच देशाचा रास्मुस डालीन, व २०२२ सालीं स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की हेहि त्या मानास पोंचले. पण निरीक्षकाचा खरा कस शेवटच्या क्रमांकांत लागतो. डिट्रॉइट संघाच्या हॉकन आंदेर्सन या स्वीडिश निरीक्षकानें आडगांवचे सामने पाहत हिंडून १९९८ सालीं पावेल दात्सूक यास १७१ व्या, आणि १९९९ सालीं हेन्रिक झेटरबर्ग यास २१० व्या क्रमांकावर घ्यावयास लाविलें. दोघेहि आपल्या पिढींतील अव्वल गडी निघाले. शेकडों डोळे एकाच मुलावर खिळलेले असतां दुसरीकडे पाहण्याचें धैर्य ज्याला असतें, तोच खरा परीक्षक. मग तो हॉकीचा असो कीं विद्यापीठाचा.

नव्या मुलाच्या करारासहि आतां ठराविक सांचा आहे. १९९५ पासून नवख्याच्या पगारास वरची मर्यादा घातली गेली. अठरा ते एकवीस या वयांत सही करणाऱ्यास तीन वर्षांचाच करार करावा लागतो. २०११ पासून २०२१ पर्यंत निवडलेल्यांस वर्षास ९,२५,००० डॉलरांहून अधिक मूळ पगार देतां येत नसे. आंकडा मोठा दिसतो. परंतु सही करणाऱ्यांपैकीं पुष्कळजण त्या आंकड्यापर्यंत पोंचतच नाहींत. त्यांना दुय्यम लीगमध्यें, लहान शहरांत, त्याहून पुष्कळ कमी पगारावर बसगाड्यांतून रात्री काढाव्या लागतात, आणि कांहीं वर्षांनीं ते मुकाट्यानें घरीं परततात. त्यांचीं नांवें आमच्या या वृत्तांतांत नाहींत, कारण इतिहास पोंचलेल्यांचा लिहिला जातो. जो बाप अठरा वर्षांच्या मुलाच्या सहीस संमति देतो, त्यानें मात्र न पोंचलेल्यांचाच विचार आधीं करावयास हवा.

आतां मुलास घडविणाऱ्या मंडळाकडे वळूं. सहा वर्षांच्या पोरास बर्फावर उभें राहण्यास शिकवावयाचें, पहांटे उठून बर्फ साफ करावयाचें, बारा वर्षें हें चालवावयाचें, आणि तेराव्या वर्षीं तो अमेरिकेस जावयाचा. झाड लावी एक आणि फळ खाई दुसरा, अशी ही स्थिति. या अन्यायाच्या परिहारार्थ लीग व आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्यांत करार होत गेले. २००५ च्या करारांत दर खेळाडूमागें सुमारें दोन लाख डॉलर युरोपांतील पक्षास मिळावयाचे ठरले. बहुतेक देशांनीं हें मान्य केलें. रशियानें केलें नाहीं. ज्याचा बाजारभाव लाखों डॉलर आहे त्याला ठोक दरानें कां द्यावें, असा रशियन मंडळांचा सवाल होता, आणि तो अगदींच गैर नव्हता. परंतु या भांडणाचा भार पडला तो वीस वर्षांच्या येव्गेनी माल्किनवर. २००६ च्या ऑगस्टांत माग्नितोगोर्स्क येथील त्याच्या मंडळानें रात्रीं उशीरापर्यंत मनधरणी व दडपण यांचा अवलंब करून त्याच्याकडून आणखी एका वर्षाच्या करारावर सही घेतली. संघ हेलसिंकीच्या विमानतळावर उतरतांच माल्किन गर्दींतून नाहींसा झाला, आणि कांहीं दिवसांनीं अमेरिकेंत प्रकटला. मंडळानें न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दाद मागितली; मनाईहुकूम मिळाला नाहीं.

या घटनेंत सोव्हिएट राज्य नव्हतें, छावणी नव्हती, तिखोनोव्ह नव्हता. आणि तरीहि मुलाला पळावेंच लागलें. म्हणजे राज्य गेलें तरी मालकीची भावना जात नाहीं; ती मंत्र्याच्या कचेरींतून निघून मंडळाच्या कचेरींत येऊन बसते. आणि राज्य तरी कोठें पुरतें गेलें आहे ? २०२२ सालीं इव्हान फेदोतोव्ह या गोलरक्षकानें फिलाडेल्फियाशीं करार केल्यावर त्याच उन्हाळ्यांत सेंट पीटर्सबर्गमध्यें त्याला धरून उत्तरेकडील नाविक तळावर सक्तीच्या लष्करी सेवेस धाडण्यांत आलें. तो अमेरिकेस पोंचला तो २०२४ सालीं. मोगिल्नीच्या गोष्टीनंतर तेहेतीस वर्षांनीं तीच गोष्ट, फक्त शेवट उलटा.

या एकंदर वृत्तांताविषयीं दोन सोपीं मतें प्रचलित आहेत. एक असें, कीं ही निव्वळ लूट आहे. अमेरिकेच्या डॉलरांनीं युरोपाचें बर्फ ओसाड केलें. दुसरें असें, कीं ही निव्वळ मुक्तता आहे. गुणाला योग्य मोल व मुलाला मोकळें आकाश मिळालें. आमच्या मतें दोन्हीहि अर्धीं आहेत. लूट म्हणावी, तर १९९८ सालीं नागानो येथें लीगचे गडी प्रथमच हिवाळी ऑलिंपिकांत उतरले तेव्हां सुवर्णपदक कॅनडास किंवा अमेरिकेस न मिळतां चेक प्रजासत्ताकास मिळालें; आणि तें मिळवून देणारा गोलरक्षक डोमिनिक हाशेक अमेरिकेंतच मोठा झाला होता. गेलेले गुण देशास कायमचे गमावले नव्हते. आज लीगमधील पाव हिश्शाहून अधिक गडी युरोपांतून आलेले असतात, आणि तरीहि स्वीडन-फिनलंडांतील झरे आटलेले नाहींत. उलट मुक्तता म्हणावी, तर ज्या निवड-पद्धतींत मुलास आपला धनी निवडण्याचा अधिकार नाहीं, तिला मुक्तता हें नांव शोभत नाहीं. छावणीपेक्षां ती कितीतरी बरी. पण छावणीपेक्षां बरी असणें ही फार मोठी शिफारस नव्हे.

मग मालकी कोणाची ? राज्याची नव्हे, हें इन्सब्रुक व स्टॉकहोम येथील पलायनांनीं सिद्ध केलें. विकत घेणाऱ्याचीहि नव्हे. त्यानें केवळ कांहीं वर्षांचें काम विकत घेतलें आहे. घडविणाऱ्या मंडळाचा हक्क अधिक खोल आहे, पण तोहि मालकीचा नव्हे, ऋणाचा आहे. मालकी वसूल करतां येते. ऋण फेडावें लागतें, आणि तें फेडण्याची इच्छा फेडणाऱ्याच्याच मनांत उपजावी लागते. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट अनुभवानें पटलेली आहे. महाविद्यालयांतून निघून परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्याबद्दल कोणत्या विद्यापीठाकडे आम्ही मोबदला मागावा ? मागतां येत नाहीं, आणि मागूंहि नये. परंतु त्यानें मागें वळून पाहावें ही अपेक्षा ठेवण्यास कोणी मनाई करूं शकत नाहीं.

ही अपेक्षा अगदींच भाबडी नाहीं, याला यागरचेंच उदाहरण पुरेसें आहे. अठराव्या वर्षीं क्लाद्नो सोडून गेलेल्या या मुलानें अमेरिकेंत दोन वेळां स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या संघांत भाग घेतला, अपार द्रव्य मिळविलें, आणि २०११ सालीं ज्या मंडळांत आपण वाढलों त्याचाच बहुतांश वांटा आपल्या ताब्यांत घेतला. मंडळाचे दिवस कठीण होते. त्यास प्रेक्षक व आश्रयदाते मिळावे म्हणून पन्नाशी उलटल्यावरहि हा गृहस्थ स्वतः पात्यांचे बूट चढवून, आपल्या मुलांच्या वयाच्या गड्यांबरोबर, क्लाद्नोच्या बर्फावर उतरत राहिला. कोणत्याहि करारपत्रांत त्याला यासाठीं बांधणारें कलम नव्हतें.